अर्जुन पुरस्कार कोणाला मिळतो?

२९ ऑगस्टला आपल्या परिपाठात गुरुजींनी दिनविशेष सांगितला. त्या दिवशी १९०५ साली हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचा जन्म झाला, म्हणून तो राष्ट्रीय क्रीडा दिन. खेळाडूंचे राष्ट्रीय पुरस्कार पूर्वी याच दिवशी देण्याची पद्धत होती. तेव्हा पाचवीतल्या एकाने विचारलं, "गुरुजी, अर्जुन पुरस्कार फक्त धनुष्यबाणवाल्यांना असतो का?" सगळे हसले. पण हसणाऱ्यांना तरी कुठं माहीत होतं? मलाही पुरतं माहीत नव्हतं. म्हणून मी सातवीच्या वतीने ही माहिती गोळा केली. पालक मंडळी शाळेत येतात तेव्हा त्यांनीही वाचावी.

अर्जुन पुरस्कार भारत सरकारने १९६१ साली सुरू केला. नाव महाभारतातल्या अर्जुनाचं. पोपटाचा डोळा दिसतो, बाकी काही दिसत नाही, असं म्हणणारा तो अर्जुन. पण पुरस्कार कुठल्याही खेळाला. पहिल्याच वर्षी फुटबॉलचे पी. के. बॅनर्जी, क्रिकेटचे सलीम दुराणी, टेनिसचे रामनाथन कृष्णन, बुद्धिबळाचे मॅन्युएल एरन असे निरनिराळ्या खेळांतले खेळाडू निवडले. हॉकी खेळणाऱ्या ॲन लम्सडेन याही त्यात होत्या, म्हणजे मुलींचं नाव पहिल्या यादीपासून आहे. (मुलांनी हे जरा दोनदा वाचावं.) आणि आपल्या महाराष्ट्राचं नाव पाहिजे असेल तर बॅडमिंटनचे नंदू नाटेकर. ते मूळचे सांगलीचे. १९५६ साली त्यांनी मलायात क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली. परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय.

पुढे आपल्याकडची नावं येतच गेली. १९६४ मध्ये पैलवान गणपतराव आंदळकर. त्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन पदकं आणली होती. १९६७ मध्ये अजित वाडेकर, १९७५ मध्ये सुनील गावसकर. क्रिकेटवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, म्हणून मी त्यांच्यावर जास्त कागद घालवत नाही.

आता पुरस्कार मिळतो तरी कशावर? मला वाटायचं की एखादी मॅच जोरात जिंकली की लगेच देत असतील. तसं नाही. खेळाडूची आधीची चार वर्षं बघतात. ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा, आशियाई स्पर्धा, राष्ट्रकुल स्पर्धा यांत काय केलं याचे गुण धरतात. शिवाय शिस्त, खिलाडूपणा आणि पुढारपण हेही बघतात. उत्तेजक औषध घेतलेलं सापडलं तर नाव बाद. मग एक समिती नावं सुचवते आणि सरकार जाहीर करतं. राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुनाची ब्राँझची छोटी मूर्ती आणि प्रशस्तिपत्र मिळतं. रोख रक्कम २०२० पासून १५ लाख रुपये आहे, त्याआधी ५ लाख होती.

चार वर्षं बघतात हा नियम ऐकायला सरळ वाटतो. चार वर्षं चांगला खेळला तो खरा, एका दिवसाचा नशीबवान नव्हे. पण या हिशोबातून काही फार मोठी माणसं निसटली. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

खाशाबा जाधव यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचं ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विचार करा, एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण! पुढे खाशाबा पोलिसात नोकरीला लागले. अर्जुन पुरस्कार निघाला त्याच्या नऊ वर्षं आधीच त्यांचं पदक येऊन गेलं होतं, म्हणजे चार वर्षांच्या मापात ते बसतच नव्हतं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. तो घ्यायला खाशाबा नव्हते.

दुसरे मिल्खासिंग. १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्ड शर्यतीत सुवर्णपदक, १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला चौथा क्रमांक. १९६१ साली ॲथलेटिक्सचा पहिला अर्जुन पुरस्कार गुरबचनसिंग रंधावा यांना मिळाला, मिल्खासिंगांना नाही. (पद्मश्री मात्र त्यांना १९५९ मध्येच मिळाली होती.) मग २००१ साली सरकारने त्यांना अर्जुन देऊ केला, आणि त्यांनी नको म्हटलं. चाळीस वर्षं उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या आजोबांना मी हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर केलं. लग्न होऊन गेल्यावर हळद कशाला लावायची?" मला मात्र वाटतं, घेतला असता तरी काही बिघडलं नसतं.

तिसरे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पाय चालेनात तर पोहायला शिकले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंग खेळाडूंचं ऑलिंपिक, म्हणजे पॅरालिंपिक झालं. त्यात ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली, ती नामंजूर झाली. अखेर १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना जन्मभराच्या कामगिरीबद्दलचा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांचं वय ८० होतं. पदक आणि पुरस्कार यांच्यात बावन्न वर्षांचं अंतर पडलं. त्याच कार्यक्रमात कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे यालाही अर्जुन मिळाला. त्याचं पॅरिस ऑलिंपिकचं पदक जेमतेम पाच महिन्यांचं जुनं होतं. एकाला पाच महिने, एकाला बावन्न वर्षं, आणि दोघं एकाच सभागृहात.

बावन्न हा आकडा आणखी एका ठिकाणी येतो, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्याचा आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत. लहानपणी लांबून पाणी आणायचं, शाळेला पायी जायचं. धावण्याची शर्यत तिनं निवडली, कारण त्याला बूट नसले तरी चालतात, अनवाणी धावता येतं, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. मग नाशिकला विजेंदरसिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव सुरू झाला. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणायला लागले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यात १०,००० मीटरच्या शर्यतीत पहिल्या दोन केनियाच्या मुली आल्या आणि तिसरी आपली कविता. मिल्खासिंगांच्या १९५८ च्या पदकानंतर राष्ट्रकुलात धावण्याच्या शर्यतीत एकट्याने पदक मिळवणारं भारताचं कोणीच नव्हतं. मध्ये बावन्न वर्षं कोरडी गेली होती. आणि भारतीय बाईने तर असं पदक त्याआधी कधीच आणलं नव्हतं.

१०,००० मीटर म्हणजे किती हे नुसतं वाचून कळत नाही. म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी टेप धरून आपलं मैदान मोजलं. वडाच्या कडेने, झेंड्याच्या ओट्यामागून आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून एक फेरी १२० मीटर भरली. म्हणजे १०,००० मीटरला ८३ फेऱ्या आणि वर थोडं. कविताची त्या दिवशीची वेळ ३३ मिनिटं ५ सेकंद. भागाकार केला तर एका फेरीला २४ सेकंदांहून थोडं कमीच पडतं. आम्ही घड्याळ लावून बघितलं. आमच्यातल्या चौघांनी पहिली फेरी २४ सेकंदांत मारली. दुसरी तिघांनी. पाचव्या फेरीला एकच जण उरला आणि सहावीला तोही ओट्यावर जाऊन बसला. अजून ७७ फेऱ्या बाकी होत्या! ज्यांना खरं वाटत नसेल त्यांनी मधल्या सुट्टीत करून बघावं, पण जेवायच्या आधी.

तेवढ्यावर ती थांबली नाही. सहा आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा होत्या. तिथं ती तीच शर्यत ३१ मिनिटं ५१ सेकंदांत धावली, म्हणजे दिल्लीपेक्षा मिनिटाहून जास्त लवकर. सुवर्णपदक केरळच्या प्रीजा श्रीधरनला मिळालं, कविताला रौप्य. दोघींमध्ये एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. प्रीजाला २०११ मध्ये अर्जुन मिळाला आणि कविताला २०१२ मध्ये. पुढे २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकला मॅरेथॉन धावली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरच्या वर. आपल्या मैदानाच्या फेऱ्या काढायचं काम मी चौथीच्या मुलांना गणित म्हणून देते.

आता दुसरं नाव. चांदवड तालुक्यात तळेगाव रोही म्हणून गाव आहे. तो सगळा भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. पाणी लागावं म्हणून जमीन खोदणारा हा मुलगा! वडील गेल्यावर घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला त्याला होडीत बसवलं. त्या खेळाला नौकानयन किंवा रोइंग म्हणतात. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. आणि या होडीत तोंड मागे करून बसतात, बरं का. म्हणजे जिकडे जायचं तिकडे पाठ, आणि दोन्ही हातांनी दोन वल्ही ओढायची. अंतर २,००० मीटर.

भरती झाल्यावर चारच वर्षांत, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिंपिकला पोचला. नौकानयनात त्या वर्षी भारताचा तो एकटाच होता. एकट्याच्या होडीच्या शर्यतीत त्याचा तेरावा क्रमांक आला. वेळ ६ मिनिटं ५४ सेकंद आणि वर थोडं. कोणी म्हणेल तेरावा म्हणजे काय मोठं? जगात तेरावा, पाण्यात उतरायला शिकून चार वर्षं झालेला! मला तर ते पदकाहून कमी वाटत नाही. घरी त्याची आई तेव्हा मोठ्या आजारात होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात आशियाई स्पर्धा होत्या. तिथं तापाने फणफणलेला असताना एकट्याच्या शर्यतीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत उतरला आणि चौघांनी सुवर्णपदक घेतलं. अर्जुन पुरस्कार २०२० मध्ये मिळाला. त्या वर्षी करोनामुळे राष्ट्रपतींनी दिल्लीत बसून आणि खेळाडूंनी आपापल्या शहरातल्या केंद्रात बसून पडद्यावरच तो समारंभ झाला.

त्याच समारंभात सारिका काळे हिलाही अर्जुन मिळाला. ती धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची. तिचा खेळ कोणता? खो-खो! आपलाच. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या भारतीय मुलींची ती कर्णधार होती. कितीतरी वर्षं घरी दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळायचं, असं तिनं सांगितलं आहे. खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० मध्ये सुधीर परब यांना मिळाला. १९७५ मध्ये श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर असे दोघांना मिळाला. नंतर मात्र १९९८ पासून सारिकापर्यंत बावीस वर्षं खो-खोला एकही नाही. खेळ बंद पडला होता का? मुळीच नाही, गावोगाव चालू होता. मला याचं कारण असं वाटतं की गुण मोजतात ते देशादेशांच्या स्पर्धांचे, आणि खो-खोच्या तशा स्पर्धा फारशा नव्हत्याच. मग आपण कितीही चपळ असलो तरी वहीत गुण कुठून यायचे? आता दिवस पालटले आहेत. २०२३ च्या पुरस्कारांत खो-खोच्या नसरीन शेखला अर्जुन मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलांनी व मुलींनी दोन्ही चषक जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. कबड्डीचं गाडं जरा बरं चाललं. तिचा पहिला अर्जुन १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना मिळाला. आजोबा अजून तिला हुतुतूच म्हणतात.

अर्जुन झाला तर गुरू पाहिजेच. म्हणून १९८५ पासून प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार निघाला. पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार होते. यावर आमच्या वर्गात वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "अर्जुन आहे, द्रोणाचार्य आहेत, मग एकलव्य कुठाय?" प्रश्न चांगला आहे. गुरूशिवाय शिकलेला, रानातला एकलव्य. सावरपाड्याच्या मुलीला अर्जुनाची मूर्ती मिळाली, पण तिच्या पाड्याला जवळचा तर एकलव्यच म्हणायचा. शोधलं तर कळलं की मध्य प्रदेश सरकार आपल्या राज्यातल्या लहान वयाच्या खेळाडूंना एकलव्य नावाचा पुरस्कार देतं. आपल्या राज्याचा पुरस्कार शिवछत्रपतींच्या नावाचा आहे.

अर्जुनाच्याही वरचा पुरस्कार म्हणजे खेलरत्न. तो १९९१-९२ साली सुरू झाला आणि पहिला मान बुद्धिबळाच्या विश्वनाथन आनंदला मिळाला. सचिन तेंडुलकर, खडकीचा हॉकीपटू धनराज पिल्ले, नेमबाज अंजली भागवत हे आपल्याकडचे मानकरी. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला मेजर ध्यानचंद यांचं नाव दिलं. २५ लाख रुपये मिळतात. त्याच्याबद्दल पुढच्या अंकात सहावीची मुलं लिहिणार आहेत.

पाचवीतल्या त्या मुलाचा प्रश्न राहिलाच. धनुष्यबाणवाल्यांना मिळतो का? मिळतो की! ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे तिरंदाजीत जगज्जेते झाले. आदिती तेव्हा १७ वर्षांची होती. २०२३ च्या यादीत दोघांनाही अर्जुन मिळाला.

पालकांसाठी एक माहिती. पूर्वी खेळाडूचं नाव संघटनेने किंवा सरकारी खात्याने कळवावं लागायचं. कोणी कळवलंच नाही तर बसा. २०२२ पासून खेळाडू स्वतः इंटरनेटवर अर्ज करू शकतो, कोणाची शिफारस लागत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत मिळालेली प्रमाणपत्रं आपल्याकडे पत्र्याच्या पेटीत नाहीतर कपाटावर पडलेली असतात, पावसाळ्यात त्यांना कसर लागते. गुरुजींनी ऑफिसात त्यासाठी एक फाइल केली आहे. ज्यांना ठेवायची असतील त्यांनी शनिवारी आणून द्यावीत.

शेजारच्या कागदावर कविता राऊत आणि दत्तू भोकनळ यांचे वर्तमानपत्रातले फोटो चिकटवले आहेत. खालच्या जिल्ह्याच्या नकाशात सावरपाडा आणि तळेगाव रोही लाल टिकलीने दाखवले आहेत. हिरवी टिकली म्हणजे आपलं गाव.